जाखडीच्या व्हिडिओला जाहिरातीचे पैसे: आधी चाल कुणाची ते बघा

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून प्रश्न आला आहे. वाडीतल्या पोरांचं जाखडीचं, म्हणजे कोकणात गणपतीत नाचून-गाऊन करतात त्या लोककलेचं, मंडळ आहे, यूट्यूबवर चॅनल आहे, सबस्क्रायबर ६४० झालेत. गेल्या गणपतीत टाकलेल्या एका गवळणीला १,८०,००० व्ह्यूज मिळाले. तरी हातात एक रुपया आलेला नाही, आणि त्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा दिसतो. गवळणीचे शब्द मंडळाच्या शाहिरांचे, चाल एका गाजलेल्या सिनेगीताची. प्रश्न असा, की पैसे कधी सुरू होतील, लाख व्ह्यूजला किती मिळतात आणि हा दावा उठवायचा कसा?

मी कुडाळात ध्वनिमुद्रणाचा छोटा स्टुडिओ चालवतो. डबलबारीचे (दोन भजनी बुवांनी आळीपाळीने गाऊन करायच्या सामन्याचे) बुवा, दोन दशावतारी कंपन्या आणि काही नमन-जाखडीची मंडळं यांचे चॅनल बरीच वर्षं सांभाळतो आहे. उत्तर लांबणार आहे, कारण यातल्या प्रत्येक गोष्टीत मी कुणाचे ना कुणाचे पैसे अडकलेले पाहिले आहेत.

दाव्यापासून सुरुवात करतो, कारण खरी अडचण तिथे आहे. तुम्हाला आलाय तो कंटेंट आयडीचा दावा, स्ट्राइक नव्हे. हा फरक नीट समजून घ्या. कंपन्या आपली गाणी यूट्यूबच्या यादीत नोंदवून ठेवतात आणि नवा व्हिडिओ चढला की यंत्रणा तो त्या यादीशी ताडून पाहते. जुळलं, तर मालक तीनपैकी एक करू शकतो: व्हिडिओ बंद करणं, नुसतं लक्ष ठेवणं, किंवा त्यावर जाहिराती लावून पैसे स्वतःकडे घेणं. तुमच्या बाबतीत तिसरं झालेलं दिसतंय. व्हिडिओ चालू आहे, जाहिरात दिसते, पैसा चालीच्या मालकाकडे जातो. याने चॅनलला धक्का लागत नाही. स्ट्राइक वेगळी. ती मालकाने कायद्याने व्हिडिओ काढायला लावला की बसते, आणि ९० दिवसांत तीन बसल्या की चॅनल जातो.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर मूळ गाण्याचा तुकडासुद्धा वापरला नाही. मृदुंग आमचा, झांज आमची, गळा आमचा, शब्द शाहिरांचे. मग यंत्राला कळलं कसं? यंत्रणा चालही ओळखते. आणि कायद्याच्या नजरेतही गाणं म्हणजे एकच वस्तू नाही. शब्द एक, चाल दुसरी, ध्वनिमुद्रण तिसरं. तिघांचे मालक वेगवेगळे असू शकतात. शब्द आणि चालीवरचा हक्क कवी-संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे तुम्ही शब्द नवे लिहिलेत, रेकॉर्डिंग नवं केलंत, तरी चाल त्या संगीतकाराचीच राहिली.

सिनेमाच्या चालीवर गवळण बांधणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे जाखडीतल्या दोन पक्षांच्या सवाल-जवाबाच्या, सामन्यात शाहीर मुद्दाम गाजलेली चाल उचलतो. लोकांना ती तोंडपाठ असते, झील धरणाऱ्यांना (मागून साथीला गाणाऱ्यांना) पटकन लागते आणि प्रतिस्पर्ध्याच्या सवालाला जवाब द्यायला वेळ कमी असतो. डबलबारीतही तेच. मी स्वतः असे सामने रात्र-रात्र जागून ऐकले आहेत आणि त्या रीतीला मी वाईट म्हणणार नाही. फक्त देवळासमोरच्या बारीत चालतं ते यूट्यूबच्या कमाईत चालत नाही, हे मंडळातल्या प्रत्येकाला एकदा बसवून समजावा.

कुणी तुम्हाला सांगेल की गाणं पाच वर्षं जुनं झालं की कव्हर करता येतं. २०१२ च्या कायदादुरुस्तीत तशी तरतूद आली हे खरं आहे. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं त्यानंतर पाच कॅलेंडर वर्षं गेली, की आगाऊ सूचना देऊन आणि किमान ५०,००० प्रतींचं मानधन भरून कव्हर काढता येतं. पण ती सोय ध्वनिमुद्रणापुरती आहे, व्हिडिओसाठी नाही. शिवाय तिच्यात मूळ कृतीत मनाजोगे बदल करायची मुभा नाही, आणि तुम्ही तर शब्दच बदलले आहेत. त्यामुळे त्या तरतुदीच्या आधारावर हरकत घेऊ नका. खोटी हरकत घेतली तर समोरच्याला ३० दिवस मिळतात, तो दावा कायम ठेवू शकतो किंवा थेट व्हिडिओ काढायला लावू शकतो. मग दाव्याची स्ट्राइक होते. ती गवळण आहे तशी राहू द्या. ती लोकांना तुमच्या चॅनलवर आणते आहे, तेवढं काम तिला करू द्या.

पुढच्या वेळी चाल स्वतःची हवी. शाहिरांना बसवा, श्रावणात तालमी सुरू होण्याआधीच. आपल्याकडे गणाच्या, गवळणीच्या, भारूडाच्या, गौरीच्या गाण्यांच्या, शिमग्यातल्या पालखीच्या इतक्या पारंपरिक चाली आहेत की सिनेमाकडे जायची गरज पडू नये. ज्यांचा कर्ता कुणालाच ठाऊक नाही अशा जुन्या चाली कुणाच्या मालकीच्या नाहीत. तुम्ही केलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण मात्र तुमच्या मालकीचं होतं.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे संतांचे अभंग. शब्द तुकोबांचे आहेत म्हणून मोकळे आहेत, पण आपण जी चाल म्हणतो ती पुष्कळदा गेल्या पन्नास-साठ वर्षांत एखाद्या संगीतकाराने रेडिओसाठी किंवा रेकॉर्डसाठी बांधलेली असते. ती मोकळी नसते. दुसरं म्हणजे शेजारच्या गावातल्या जुन्या शाहिरांची पदं. वहीत उतरलेली, नाव विसरलेली, म्हणून आपण खाली ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होतो. शाहीर जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर त्या पदांवर त्यांच्या मुला-नातवंडांचा हक्क आहे. त्यांच्या घरी जा, नारळ ठेवा, विचारा, आणि कागदावर सही घ्या. मी गेलो तिथे एकाही घराने नकार दिला नाही. एका ठिकाणी तर आजींनी माळ्यावरून वहीच काढून दिली, आणि आम्ही गात होतो त्या पदाचं चौथं कडवं आम्हाला तिथे पहिल्यांदा वाचायला मिळालं.

आता जाहिरातीचे पैसे मिळण्याच्या पात्रतेचं. पूर्वी अट सैल होती. २०१८ च्या फेब्रुवारीपासून ती घट्ट झाली: १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास लोकांनी पाहिलेलं असणं. तासांऐवजी शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंचे, ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज चालतात, पण गावच्या चॅनलने त्या मागे लागू नये असं माझं मत आहे. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेले तास त्या ४,००० मध्ये धरत नाहीत. २०२३ पासून खालची एक पायरीही आहे: ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि ३,००० तास. तिच्यावर चाहत्यांकडून थेट पैसे घेण्याची सोय मिळते, जाहिरातीचा वाटा मिळत नाही. तुमचे ६४० सबस्क्रायबर पाहून कुणी ‘आता झालंच’ म्हणत असेल तर तो याच पायरीबद्दल बोलत असणार.

४,००० तासांचा हिशोब मांडून बघा. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. चार मिनिटांचं गाणं माणूस सरासरी तीन मिनिटं बघतो असं धरलं तर ८०,००० व्ह्यूज लागतात. दोन तासांचा अख्खा सामना टाकला आणि माणूस सरासरी बाराच मिनिटं थांबला, तरी २०,००० व्ह्यूजमध्ये काम होतं. मुंबईतला चाकरमानी रात्री जेवून झालं की सामना लावतो, झोप लागेपर्यंत चालू ठेवतो, दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये पुढे बघतो. तुमचा खरा प्रेक्षक हा आहे. आणि जाहिरातींच्या दृष्टीनेही लांब व्हिडिओ बरा, कारण आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत मध्येमध्ये जाहिरात ठेवता येते. ती जागा तुम्ही स्वतः ठरवा. गण संपून गवळण सुरू होते तिथे ठेवा, एका शाहिराची बारी संपून दुसरा उभा राहतो तिथे ठेवा. सवाल रंगात आलेला असताना जाहिरात आली की माणूस निघून जातो. यंत्रणेवर सोडलं तर ती कुठेही टाकेल.

लांब व्हिडिओचा एक धोका सांगतो, तो मला फार महागात पडला आहे. डबलबारीचा एक सामना आम्ही चित्रित केला. सभामंडपाच्या खांबाला रेकॉर्डर बांधला होता. पखवाजाच्या डाव्या पुडीला ताजी कणीक लावलेली, तिचा घुमारा इतका जबरदस्त की आवाज फाटू नये म्हणून पातळी उणे बारा डेसिबलच्या खाली ठेवून मी रात्रभर कान लावून बसलो. ध्वनिमुद्रण उत्तम झालं. दोन्ही बुवांची पदं त्यांच्या स्वतःच्या चालीची. व्हिडिओ चढवला आणि दोन दिवसांत दावा. शोधल्यावर कळलं, की दोन बाऱ्यांच्या मध्ये बुवा चहाला उठले तेव्हा मंडपवाल्याने स्पीकरवर सिनेमाचं गाणं लावलं होतं. ते चाळीस सेकंद. तेवढ्यासाठी अडीच तासांच्या व्हिडिओचं उत्पन्न दुसरीकडे निघालं होतं. यूट्यूबच्याच एडिटरमध्ये तो तुकडा कापता येतो, नाहीतर तेवढंच गाणं मुकं करता येतं. आम्ही कापला, दावा उठला. पण गौरी-गणपतीचे पहिले आठ दिवस, जेव्हा सगळ्यात जास्त लोक बघतात, ते गेले. तेव्हापासून मी सामन्याआधी मंडपवाल्याला भेटतो आणि मध्यंतरात स्पीकर बंद ठेवायला सांगतो.

पैसे किती मिळतात? लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनलला मिळतात. शॉर्ट्समध्ये ४५ टक्के, आणि त्यात एखादं गाणं वापरलं असेल तर वाटणीआधीच त्या शॉर्टच्या रकमेचा अर्धा भाग संगीताच्या हक्कांकडे जातो. ‘लाखाला किती’ याला ठरलेला दर नाही. तुमच्या चॅनलच्या ‘यूट्यूब स्टुडिओ’ या पानावर आरपीएम नावाचा आकडा दिसेल, म्हणजे हजार व्ह्यूजमागे तुमच्या वाट्याला प्रत्यक्ष आलेली रक्कम. तो भाषेनुसार, बघणारा कुठे बसलाय त्यानुसार, महिन्यानुसार बदलतो. समजा तो १५ रुपये आला. मग तुमच्या १,८०,००० व्ह्यूजचे २,७०० रुपये झाले असते. अ‍ॅडसेन्स ही गूगलची जाहिरातीचे पैसे देणारी सेवा १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे सोडत नाही. डॉलर ८५ रुपये धरला तर ८,५०० रुपये, म्हणजे त्याच दराने साडेपाच लाखांहून जास्त व्ह्यूज. हे मी मुद्दाम मांडतो आहे, कारण पहिल्याच वर्षी कर्ज काढून कॅमेरा घेणारी पोरं मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षी फोन पुरे. पैसे खर्च करायचेच तर आवाजासाठी करा: एक साधा रेकॉर्डर, आणि दर्यावर चित्रीकरण करणार असाल तर माइकवर फरचं वाराकवच. हर्णैच्या किंवा देवबागच्या किनाऱ्यावर वाऱ्याने फाटलेला आवाज कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही. किल्ल्यावर गाणं चित्रित करायची हौस सगळ्यांना असते. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत, तिथे आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा.

वेळेचं गणित आपल्या बाजूचं आहे. जाहिरातदार दिवाळीच्या आधी जास्त पैसा ओततात आणि जानेवारीत हात आखडता घेतात. आपली जाखडीची, भजनांची, गौरीगीतांची गर्दी नेमकी त्या चढत्या काळात येते. नवी गाणी चतुर्थीच्या तीन-चार आठवडे आधी चढवा, म्हणजे यंत्रणेला ती कुणाला दाखवायची ते कळायला वेळ मिळतो. चतुर्थीच्या आदल्या रात्री गावच्या नेटवर्कवर दोन जीबीचा व्हिडिओ चढवत बसायची वेळही येणार नाही.

आता करार. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. एका भजनी बुवांनी स्वतः बांधलेला गजर होता. फार सुंदर, ऐकताना अंगावर काटा यायचा. एका म्युझिक कंपनीने पाच हजार रुपये दिले आणि एका पानाच्या कागदावर सही घेतली. तो कागद बुवांकडे मीच घेऊन गेलो होतो, आणि मी तो नीट वाचला नव्हता. त्यात ‘सर्व हक्क’ असं लिहिलेलं. कंपनीने गजर कंटेंट आयडीत नोंदवला. पुढच्या वर्षी बुवांनी तोच गजर त्यांच्याच बारीत गायला, त्यांच्याच चॅनलवर टाकला, आणि दावा आला. बुवा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “पण चाल माझीच आसा मां?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर मी कॉपीराइट कायद्याचं १८ आणि १९ कलम बसून वाचलं. हक्क लिहून द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर तो पाच वर्षांपुरताच धरला जातो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरता. आणि २०१२ पासून एक मोठी गोष्ट: ध्वनिमुद्रणाच्या वापरातून येणाऱ्या मानधनातला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा त्याला सोडून देता येत नाही. तो वारसांकडे किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीकडेच जाऊ शकतो, याच्या उलट काही लिहून घेतलं तरी ते बाद ठरतं. गीतकार-संगीतकारांसाठी ती सोसायटी म्हणजे १९६९ पासूनची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, आयपीआरएस. बुवांच्या कागदावर मुदत नव्हती. पाच वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात आम्ही वकिलाकडून पत्र पाठवलं आणि दावा सुटला. पाच गणपती मात्र गेले होते.

म्हणून तुमच्या शाहिरांना कुणी गाणं विकत मागायला आलं तर आधी मुदत लिहून घ्या, आणि शाहिरांच्या स्वतःच्या चॅनलवर गाण्याचा हक्क राखून ठेवल्याचं वाक्य घ्या. डिस्ट्रिब्युटरमार्फत (तुमच्या वतीने गाणं नोंदवणाऱ्या कंपनीमार्फत) स्वतःच गाणं कंटेंट आयडीत नोंदवणार असाल तर त्यात इंटरनेटवरून उचललेला तालाचा तयार ट्रॅक नको. तोच ट्रॅक आणखी शंभर जणांनी वापरलेला असतो, आणि मग तुमच्या नावाने त्या सगळ्यांवर दावे जातात.

मंडळाच्या आतला कागदही तितकाच गरजेचा. शाहीर, बुवा, मृदुंगवाला, झील धरणारे, नाचणारे आणि कॅमेरा धरणारा यांत वाटा कसा, हे पैसा नसताना ठरवा. आल्यावर ठरत नाही. चॅनल एका पोराच्या खासगी जीमेलवर असतो, तो नोकरीला मुंबईला जातो, फोन बदलतो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. असे दोन चॅनल मी कायमचे बंद पडलेले पाहिले. चॅनलच्या सेटिंगमध्ये परवानग्या देता येतात. मंडळाच्या नावाने ईमेल काढा आणि तिघांना वेगवेगळे अधिकार द्या.

अ‍ॅडसेन्सचं खातं ज्याच्या नावावर, उत्पन्न त्याचं आणि आयकरही त्याच्या पॅनवर. त्यामुळे मंडळ नोंदणीकृत असेल आणि त्याचं बँक खातं असेल तर तेच द्या. नावाचं स्पेलिंग पासबुकाशी तंतोतंत जुळवा. बँक स्विफ्ट कोड (परदेशी रक्कम घेण्यासाठी लागणारा बँकेचा क्रमांक) असलेली हवी, गावच्या पतसंस्थेत परदेशी रक्कम येत नाही. १० डॉलर झाले की पत्ता पडताळायला पोस्टाने पिन येतो. पत्ता वाडीचा द्या, मुंबईच्या भावाचा नको, आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा, कारण ते साधं पांढरं पाकीट जाहिरातीचं समजून माणसं फेकतात. पिन चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. अमेरिकेच्या कराचा फॉर्मही तिथेच भरावा लागतो. तो भरलात तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या रकमेवर, भारताशी असलेल्या करारानुसार, १५ टक्के कापतात. न भरलात तर जगभरच्या सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. त्यानंतर पैसे महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान निघतात.

दोन गोष्टी अजिबात करू नका. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सगळ्यांनी जाहिरातीवर क्लिक करा’ असा निरोप टाकू नका, आणि एकमेकांचे सबस्क्रायबर वाढवायच्या साखळीत जाऊ नका. अशाने अ‍ॅडसेन्सचं खातं बंद होतं आणि एका माणसाला दुसरं सहज मिळत नाही. आणि एआयकडून घाऊक गाणी बनवून टाकत बसू नका. घाऊक, एकाच साच्यातल्या व्हिडिओंच्या चॅनलचं उत्पन्न यूट्यूब बंद करतं, २०२५ च्या जुलैत तो नियम त्यांनी आणखी स्पष्ट केला आहे. शाळेतल्या मुलांची बालगीतं करणार असाल तर ती ‘मुलांसाठी’ अशी नोंदवावी लागतात आणि त्यांवर जाहिरातीचं उत्पन्न कमी येतं, हे धरून चाला.

आता तुमच्यापुरतं. गवळण तशीच ठेवा आणि तिच्या वर्णनात नव्या व्हिडिओंचे दुवे द्या. तुमच्या शाहिरांनी स्वतः बांधलेल्या चालीचं काही आहे का ते विचारा. प्रत्येक शाहिराच्या वहीत असतं, सामन्यात मागे राहिलेलं. ते नुसत्या मृदुंग आणि झांजेवर, घरच्या ओटीवर, पंखा बंद ठेवून ध्वनिमुद्रित करा आणि मला ऐकवा. कुडाळला यायला जमत नसेल तर गणपतीआधी एका रविवारी मी संगमेश्वरला येतो. कागद आपण तिथेच शाहिरांच्या समोर लिहू.